पहिल्या पीआरआधी तो 'दुसऱ्या'चा बग पकड

पत्र:

ताई, मी तीन वर्षं एका कंपनीत मॅन्युअल टेस्टिंग करतेय. पायथन घरीच शिकले, छोटे छोटे प्रोग्रॅम जमतात. सगळे म्हणतात ओपन सोर्समध्ये (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये) काँट्रिब्यूट कर, म्हणून चार महिने झाले प्रयत्न करतेय. नवशिक्यांसाठी लेबल लावलेले इश्यू (नोंदवलेले बग आणि कामं) शोधते, 'मी हे करू का' असं विचारते, आणि उत्तर येईपर्यंत दुसराच कुणीतरी करून मोकळा होतो. एकदा एका मोठ्या प्रोजेक्टच्या रीडमीमधलं (माहितीच्या फाइलमधलं) स्पेलिंग सुधारून पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल घ्या अशी विनंती) टाकला तर काही न बोलता बंद केला. गिटची (कोडमधले बदल सांभाळणाऱ्या टूलची) भीती वाटते, इंग्रजी कच्चं आहे, तिथली मंडळी इतकं भारी लिहितात की मी तिथे काय बोलणार. मी रोज ज्यात नोट्स लिहिते ते अ‍ॅपसुद्धा ओपन सोर्स आहे, त्यात 'दुसऱ्या' हा शब्द सर्च केला की अर्ध्याच नोट्स येतात, पण एवढं छोटं काय सांगायचं म्हणून गप्प बसले. मला कोडिंग कमी येतं म्हणून हे जमत नाहीये का, की मी चुकीच्या ठिकाणी शोधतेय?
— शोधून दमलेली

उत्तर:

अगं, तुझं पत्र वाचताना मी त्या नोट्सच्या अ‍ॅपवाल्या वाक्यापाशी थांबले ती थांबलेच. चार महिने तू जे शोधतीयेस ते तू स्वतःच्या हातानं पत्रात लिहून पाठवलंयस आणि वर विचारतीयेस की एवढं छोटं काय सांगायचं!

आधी तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. कोडिंगमुळे अडलेलं नाहीये. शोधतीयेस मात्र चुकीच्या ठिकाणी. ते 'गुड फर्स्ट इश्यू' वगैरे लेबल लावलेले इश्यू असतात ना, ते चांगल्या मनानंच लावलेले असतात, पण नावाजलेल्या प्रोजेक्टमध्ये त्यांच्यावर इतकी झुंबड असते की लेबल लागल्या लागल्या खाली 'मला द्या, मला द्या' सुरू होतं, आणि त्यात कितीतरी जणांनी ते सॉफ्टवेअर एकदाही चालवून बघितलेलं नसतं. त्या गर्दीत मेंटेनरला, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला, तू आणि बाकीचे सारखेच दिसता. जे सॉफ्टवेअर तू रोज उघडतेस तिथे तसं नाहीये, तिथे ते कुठे अडतं, कुठे हळू चालतं, कुठलं बटण दोनदा दाबावं लागतं हे तुला पाठ आहे. हे बाहेरून आलेल्या हुशार माणसाला महिनाभर बसूनही कळणार नाही.

आता ते रीडमीचं. वाईट वाटलं असणार, मलाही वाटलं असतं, आणि दोन शब्द लिहून बंद केला असता तर काही बिघडलं नसतं असंच माझं मत आहे. पण पलीकडची बाजू ऐक. हॅक्टोबरफेस्ट नावाचा एक उपक्रम २०१४ पासून दर ऑक्टोबरला होतो, हेतू चांगला, लोकांनी ओपन सोर्समध्ये यावं. २०२० मध्ये चार पीआर केले की टीशर्ट मिळणार होता आणि त्यापायी लोकांनी रीडमीमध्ये एखादा शब्द वाढव, कुठे स्वल्पविराम टाक, असल्या पीआरचा नुसता पाऊस पाडला, इतका की महिना सुरू होऊन चार दिवस होत नाहीत तोच नियम बदलावा लागला, जे प्रोजेक्ट स्वतःहून हो म्हणतील तिथलेच पीआर मोजायचे असं ठरलं. मोठ्या प्रोजेक्टचा मेंटेनर असं बघून बघून इतका वैतागलेला असतो की एका शब्दाचा पीआर दिसला की तो माणूस बघत नाही, बंद करून पुढे जातो. तुझ्या हेतूबद्दल त्याला काही कळलेलंच नव्हतं.

आणि हे मेंटेनर म्हणजे कोण, तर बऱ्याच ठिकाणी नोकरी सांभाळून रात्री बसणारा एखादा माणूस. २०२४ चं एक्सझेडचं प्रकरण तू ऐकलं असशील. फाइली कॉम्प्रेस करणारी ही लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते आणि ती मुख्यतः एकच माणूस वर्षानुवर्षं सांभाळत होता, तो थकलाय हे बघून कुणीतरी दोनेक वर्षं मदतीच्या नावाखाली त्याचा विश्वास कमावला आणि ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा घुसवला. तो पकडला कसा गेला? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डेव्हलपरला दिसलं की एसएसएचनं (दूरच्या कॉम्प्युटरशी सुरक्षित जोडणी करून) लॉगिन करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. फक्त अर्धा सेकंद. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं, तो मागे लागला आणि मुळाशी जाऊन पोचला. हे मी तुला मुद्दाम सांगतेय कारण तू टेस्टर आहेस. काहीतरी नेहमीसारखं नाहीये हे दिसणं, ते परत परत करून बघणं, नेमकं कधी होतं आणि कधी होत नाही हे वेगळं काढणं, हे तू तीन वर्षं रोज पगार घेऊन करतीयेस. आणि पत्रात ते एका ओळीत उरकलंयस, जसं काही ते कामच नाही!

माझा पहिला पॅच (कोडमधली दुरुस्ती) अशाच एका किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीतून निघाला. कमांड लाइनवर फाइलींची यादी कॉलममध्ये दाखवणारं एक छोटं टूल मी वापरायचे, सी मध्ये लिहिलेलं. इंग्रजी नावं असली की सगळं ओळीत, आणि देवनागरी नाव आलं की पुढचा साइझचा कॉलम डावीकडे घसरायचा. वर्षभर मी ते तसंच बघत राहिले. मग एकदा कोड उघडला तर दिसलं की ते टूल नावाची रुंदी ठरवायला बाईट मोजतंय. आता 'कुठे' हा शब्द घे. दिसायला दोन अक्षरं. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना नंबर देणाऱ्या पद्धतीत) चार चिन्हं, क, उकार, ठ आणि मात्रा. आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ती चिन्हं साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाईट घेतं म्हणजे झाले बारा. टूलला वाटायचं नाव बारा घरं रुंद आहे, खरं तर ते दोनच घरं घेतंय, म्हणून मागे दहा स्पेस कमी पडायच्या. मी बाईटऐवजी चिन्हं मोजायला लावली, 'कमल' नावाची फाइल करून बघितली, कॉलम ओळीत आला, खूश होऊन पीआर टाकला. दोन दिवसांनी रिव्ह्यू करणाऱ्यानं एका ओळीत विचारलं, जी चिन्हं अक्षराच्या वर-खाली बसतात त्यांना वेगळं घर लागतं का? मी 'कुठे' नावाची फाइल करून बघितली तर अजून दोन घरांनी चुकत होतं. मग वाचता वाचता सापडलं की एखादं चिन्ह टर्मिनलवर किती घरं घेतं हे सांगणारं फंक्शन सी मध्ये आधीपासूनच मिळतं, डब्ल्यूसीविड्थ, आणि चिनी अक्षरं दोन दोन घरं घेतात तेही त्याला माहीत असतं. तीन फेऱ्या झाल्या, अकरा दिवस गेले, आणि शेवटी जे मर्ज झालं, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतलं गेलं, त्यात मूळ कोडच्या ओळी पाच आणि टेस्टच्या नऊ. त्या माणसाचा तो एका ओळीचा प्रश्न मला अजून पाठ आहे, चूक आहे असं म्हणून त्यानं मला परत पाठवलं असतं तर मी बहुतेक परत आलेच नसते.

आता तुझ्या 'दुसऱ्या'कडे येऊया. मला वाटतंय ते सांगते, तू पडताळून बघ. या शब्दातला तो अर्धा र, ज्याला आपण चंद्रकोरीचा र म्हणतो, तो टाइप करायच्या एकाहून जास्त रीती आहेत. एका रीतीत नुक्ता म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, युनिकोडमधला त्याचा नंबर यू+०९३१, आणि पुढे हलंत. दुसऱ्या रीतीत साधा र, हलंत आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाची एक न दिसणारी खूण, यू+२००डी. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात पण कॉम्प्युटरसाठी पहिला शब्द सात चिन्हांचा आणि दुसरा आठ चिन्हांचा. तू काही नोट्स फोनवर लिहितेस आणि काही लॅपटॉपवर, असं असेल तर दोन कीबोर्डनी दोन वेगळे 'दुसऱ्या' लिहून ठेवले असणार आणि सर्चला ते दोन वेगळे शब्द वाटतायत. तपासणं सोपं आहे. सापडणाऱ्या नोटमधून एक शब्द कॉपी कर, न सापडणाऱ्या नोटमधून एक, पायथनमध्ये दोन्हींची लेन्ग्थ बघ आणि प्रत्येक चिन्हाचा नंबर छापून शेजारी शेजारी ठेव. दहा मिनिटांचं काम. वेगळं काही निघालं तरी हरकत नाही, जे निघेल ते तुझ्याकडे पुराव्यासकट असेल.

हे झालं की लगेच कोडकडे धावू नकोस. आधी त्या अ‍ॅपचं सगळ्यात नवीन व्हर्जन टाकून बघ, बग अजून आहे का. मग त्यांचे जुने इश्यू शोध, बंद झालेले पण, कारण कधी कधी असाच बग दुसऱ्या भाषेच्या नावानं कुणीतरी आधीच टाकलेला असतो आणि मग तुझी माहिती त्याखाली जोडणंच जास्त उपयोगी. शोधताना नुसतं 'मराठी' टाकू नकोस, युनिकोड, नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या रीतीनं लिहिलेलं तेच अक्षर एका ठरलेल्या रूपात आणणं), जॉइनर, असे शब्द टाकून बघ. नाहीच सापडलं तर नवीन इश्यू उघड आणि ऑफिसमध्ये बग लिहितेस तसाच लिही, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कुठलं व्हर्जन, कुठली ऑपरेटिंग सिस्टिम. त्यात ते दोन शब्द आणि त्यांचे नंबर टाक. ज्याला देवनागरी वाचताच येत नाही त्या मेंटेनरलासुद्धा सात विरुद्ध आठ कळतं.

इंग्रजीचं म्हणशील तर तिथे कितीतरी लोकांची ती मातृभाषा नसते आणि छोटी, साधी वाक्यं सगळ्यांनाच आवडतात. व्याकरण चुकलं म्हणून कुणी चांगला बग रिपोर्ट परत पाठवलेला मी बघितला नाहीये. एक मात्र मनापासून सांगते, एआयकडून लांबलचक इश्यू किंवा न समजलेला कोड लिहून घेऊन टाकू नकोस. एखादं वाक्य नीट करून घेतलंस तर ठीक, पण रिव्ह्यूमध्ये कुणी विचारलं की हे असं का केलं, तर उत्तर तुझ्याकडे हवं. मेंटेनर अशा लिखाणाला फार कावलेत, जेन्टू लिनक्सनं तर २०२४ मध्ये एआयनं बनवलेलं काँट्रिब्यूशन घ्यायचंच नाही असा नियम केला. तुझ्या प्रोजेक्टचा नियम काय आहे ते त्यांच्या काँट्रिब्युटिंग नावाच्या फाइलमध्ये बघ, ती फाइल पूर्ण वाच, कंटाळा आला तरी वाच. ती वाचून आलेला माणूस पहिल्याच कमेंटमध्ये ओळखू येतो.

मग बंद झालेले दहा-पंधरा पीआर वाच, मर्ज झालेले आणि नाकारलेले दोन्ही. शेवटचा पीआर कधी मर्ज झाला, नवीन माणसाला पहिलं उत्तर किती दिवसांनी मिळतं, आणि ते कशा सुरात बोलतात, हे बघ. मी तर शेवटची गोष्ट सगळ्यात आधी बघते. जिथे प्रश्न विचारणाऱ्याला टोचून बोलतात तिथे, प्रोजेक्ट कितीही नावाजलेला असो, जाऊ नये असं माझं ठाम मत आहे, तुझ्या संध्याकाळी तेवढ्या स्वस्त नाहीयेत. आणि आठ महिने काहीच मर्ज झालेलं नसेल तर तिथे बहुतेक कुणी घरी नाहीये, तुझी चूक समजू नकोस.

यानंतर ते अ‍ॅप सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडपासून, स्वतःच्या मशीनवर बिल्ड कर. पहिल्यांदा चालणार नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे रात्री अकरा वाजता लाल एरर दिसला की आपली लायकी नाही असं वाटून लॅपटॉप बंद करणार नाहीस. जे जे अडलं ते एका फाइलमध्ये लिहीत जा, कुठली लायब्ररी आधी टाकावी लागली, कुठल्या पायरीवर सूचना जुनी निघाली. जुन्या लोकांच्या मशीनवर सगळं आधीच बसलेलं असतं त्यामुळे त्यांना ही भोकं दिसतच नाहीत, आणि महिन्याभरात तुलाही दिसेनाशी होतील. त्या टिपणातून सेटअपच्या सूचनांमध्ये दोन ओळींची दुरुस्ती निघाली तर तोच तुझा पहिला पीआर. हा त्या स्पेलिंगच्या पीआरसारखा दिसेल खरा, पण यात तू लिहू शकतेस की मी नवीन मशीनवर हे केलं, इथे अडलं, ही ओळ टाकल्यावर चाललं. असा पीआर मेंटेनर वाचतो.

गिटवर फार वेळ घालवत नाही. फोर्क (प्रोजेक्टची आपली प्रत), क्लोन (ती मशीनवर आणणं), नवीन ब्रँच (कामाची वेगळी फांदी), कमिट (बदल नोंदवणं), पुश (ते वर पाठवणं), पीआर, सुरुवातीला एवढंच लागतं, आणि मूळ रेपॉझिटरी (प्रोजेक्टचा कोडसाठा) अपस्ट्रीम नावानं जोडून ठेव म्हणजे तिथले नवे बदल ओढता येतात. मेन ब्रँचवर काम करू नकोस. भीती वाटते ती काहीतरी उडवून टाकीन याची, हो ना? जे एकदा कमिट केलंस ते सहसा जात नाही, ब्रँच चुकून उडवलीस तरी गिट रीफ्लॉग मारलं की बरेच दिवस मागचं सापडतं. मी ज्या दिवशी रीफ्लॉग शिकले त्या दिवसापासून शांत झोपायला लागले. आणि गिट ब्लेम शिक, नाव भांडखोर आहे पण काम फार प्रेमाचं, कुठली ओळ कुठल्या कमिटमध्ये आली ते दाखवतं आणि त्या कमिटचा मेसेज वाचला की ती ओळ तशी का आहे हे कळतं.

सर्चचा कोड शोधायला सगळा प्रोजेक्ट समजून घ्यायची गरज नाहीये. सर्च बॉक्समध्ये जे शब्द दिसतात ते कोडमध्ये शोध, तिथून एकेक फंक्शन मागे जा. लिहायला घ्यायच्या आधी इश्यूमध्ये दोन ओळी टाक, मला वाटतं इथे असं केलं तर सुटेल, चालेल का. 'मी हे करू का' आणि हे, यात फार फरक आहे. आणि इथे एक खोच आहे जी तूच पकडू शकतेस. कुणीतरी पटकन म्हणेल की युनिकोड नॉर्मलायझेशन लावा, झालं. साधा र आणि वेगळा नुक्ता असं कुणी टाइप केलं असेल तर तो नॉर्मलाइझ केल्यावर यू+०९३१ होतो, तेवढा प्रश्न सुटेल. जॉइनरवाला 'दुसऱ्या' मात्र नॉर्मलायझेशननं जागचा हलत नाही. तर आधी टेस्ट लिही, तिन्ही तऱ्हेचा 'दुसऱ्या' घेऊन, आणि फेल होणारी टेस्ट दाखव. पुढचं फिक्स तू केलंस काय किंवा मेंटेनरनं केलं काय, ती टेस्ट तिथे राहील. सगळीकडून जॉइनर काढून टाकायचं सुचवू नकोस बरं का, काही इमोजीसुद्धा त्याच खुणेनं जोडलेले असतात, जे काही करायचं ते सर्चपुरतंच.

पीआर टाकलास की थांब. आठवडाभर कुणी बघितलं नाही तर नम्रपणे एकदा आठवण कर, रोज नको. बदल सांगितले तर त्याच ब्रँचवर कर, नवीन पीआर उघडू नकोस. आणि एका पीआरमध्ये एकच गोष्ट, वाटेत दुसरं काही चुकलेलं दिसलं तरी हात लावायचा नाही, ते वेगळं.

एक कागदोपत्री गोष्ट, जी लोक विसरतात. तू नोकरी करतेस, तेव्हा तुझं ऑफर लेटर नाहीतर अ‍ॅग्रीमेंट काढून बघ, ऑफिसबाहेर लिहिलेल्या कोडवर कंपनीचा हक्क असल्याचं काही लिहिलंय का, असेल तर मॅनेजरकडून लेखी परवानगी घे आणि ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा ईमेल यासाठी वापरू नकोस. काही प्रोजेक्ट कमिटखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ मागतात, लिनक्स कर्नलमध्ये ही पद्धत २००४ पासून आहे, गिटमध्ये कमिट करताना एक छोटा ऑप्शन दिला की ती आपोआप येते. पण त्या ओळीचा अर्थ असा की हा कोड द्यायचा मला हक्क आहे असं तू सांगतीयेस, म्हणून ती टाकण्याआधी ते अ‍ॅग्रीमेंट वाचलेलं हवं.

गूगल समर ऑफ कोडचं, म्हणजे नवख्यांना ओपन सोर्समध्ये आणणाऱ्या गूगलच्या उपक्रमाचं, तू विचारलं नाहीयेस पण कुणीतरी तुला सांगेलच. ते २००५ पासून आहे आणि २०२२ पासून फक्त विद्यार्थ्यांपुरतं राहिलेलं नाही, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कुठल्याही नवख्या माणसाला अर्ज करता येतो. पण तिथेही आधी प्रोजेक्टमध्ये थोडं काम केलेल्यांचा अर्ज पुढे सरकतो, त्यामुळे ते पुढचं पुढे.

या शनिवारी एवढंच कर. दोन नोट्स उघड, एक सापडणारी आणि एक न सापडणारी, त्यातले दोन 'दुसऱ्या' पायथनमध्ये घाल आणि आकडे बघ. सात आणि आठ आले की मला लिही, मग आपण इश्यूचं शीर्षक काय द्यायचं ते बघू.